३०१ नंबर, दोघांच्या नावावर

शनिवार, २३ जानेवारी १९९९

मी आणि रामेश्वर वेगळे होणार हे काल ठरलं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे दोघांपैकी कोणीही बाहेर जाणार नाही हेही कालच ठरलं. ठरताना इस्त्री फेकली गेली. म्हणून लिहायला घेतलं आहे. क्लिनिकमधली डॉक्टरीण म्हणाली, प्रेशर फार वाढलंय, राग आला की हातांना काहीतरी काम द्या, लिहीत जा.

इस्त्री त्याने फेकली. त्याआधी माझ्या हातून चटणीची बरणी सुटली होती. सुटणं आणि फेकणं यात फरक आहे. बरणी त्याच्या खांद्याला लागली, कारण तो तिथे उभा होता.

या वहीत मी त्याला 'हे' आणि 'अहो' म्हणणार नाही. सतरा वर्षं म्हटलं. रामेश्वर. एकेरी.

भांडणाचं कारण: ईदच्या सुट्टीत तो म्हणाला, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज असेंब्लीत उभं राहणं, आता पाय दुखतात. मी इथल्या भारतीय शाळेत सुपरवायझर आहे. शिस्त हे माझं काम आहे. रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसं हाताखाली असलेल्याला उभं राहायचा त्रास व्हावा, हे नवल.

संकल्प. आवाज चढवायचा नाही. हात उचलायचा नाही (आजवर उचललेला नाहीच). फेब्रुवारीअखेर फ्लॅटचं काँट्रॅक्ट रिन्यू होतं, तेव्हा त्याचं नाव काढून टाकायचं. मनालीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तिला तिची खोली, तिचा टेबल लॅम्प आणि तिची आई जागच्या जागी मिळाली पाहिजे. सगळं त्यासाठीच आहे.

रविवार, २४ जानेवारी

शाळेतून परस्पर बिल्डिंगच्या अरब मालकाच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅनेजरला सगळे मुदीर म्हणतात. मला ओळखतो. ओळखायला कारण आहे. आठ वर्षांपूर्वी काँट्रॅक्टवर नवऱ्याचं एकट्याचं नाव घालत होते, तेव्हा मी तासभर खुर्चीवरून उठले नव्हते. अर्धं भाडं माझ्या शाळेचं, तर नाव माझंही पाहिजे. शेवटी घातलं. आज तो हसून म्हणाला, मॅडम, तुम ही बोला था दो नाम. नाव घालायला भांडण पुरलं, काढायला मात्र दोघांनी समोर उभं राहून सही करायची, असा नियम आहे.

त्याने विचारलं, काढायचं का. दुसरी बाई खोटं बोलली असती. मी सरळ सांगितलं, आम्ही वेगळे झालो.

मुदीरने चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाला, मॅडम, ये फॅमिली बिल्डिंग है. बॅचलर ममनूअ, मना है. हसबंड अलग, तो हसबंड बॅचलर. तुम भी बॅचलर.

मी. चव्वेचाळिसाव्या वर्षी. मी म्हटलं, मला मुलगी आहे. तेव्हा तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, बेटी जिसके साथ, वो फॅमिली. अठ्ठाईस तारीख को बेटी को लेके आओ, मैं उसको पूछेगा. एक नाम, नया काँट्रॅक्ट. इन्शाल्ला.

म्हणजे काम झालंच. मनाली माझ्याजवळच आहे.

सोमवार, २५ जानेवारी

रामेश्वरने बॅग भरली होती. वर्कशॉपच्या मागे कामगारांसाठी कंपनीचा कॅम्प आहे, तिथे एक खाट मिळाली म्हणाला, पोरीची परीक्षा होईपर्यंत तिथे राहतो. बॅग दाराशी. पायात बूट.

तो काही गैरसमज घेऊन जाऊ नये म्हणून मी त्याला नियम समजावला. की तू आता बॅचलर आहेस. की मनाली ज्याच्याकडे तो फॅमिली, आणि फ्लॅट त्याचा, म्हणजे माझा. की बॅचलर माणसाला या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येसुद्धा उभं राहता येणार नाही. शेवटचं मी माझ्याकडून घातलं.

त्याने बॅग खाली ठेवली. बूट काढले. म्हणाला, असं आहे होय, मग मनालीलाच विचारू की. आणि शर्ट एकेक करून परत कपाटात लावले, मुद्दाम माझ्या साड्यांच्या खणात.

माझी चप्पल हातात होती ती गेली. त्याने ती आली त्याच वाटेने परत पाठवली. मग खुर्ची. खुर्ची कोणी सुरू केली ते आता नक्की सांगता येणार नाही.

समोरच्या ३०२ मधली शहरबानू दार वाजवून विचारून गेली की छत पडलं का. ही रत्नागिरीची, नवरा नूरुद्दीन सुक्या मासळीच्या धंद्यात. एका बेडरूममध्ये तीन पोरं घेऊन राहतात, दोन वर्षांपासून मोठ्या फ्लॅटसाठी वॉचमन याकूबच्या मागे आहेत. मी तिला शांतपणे सगळं सांगायला घेतलं. ती म्हणाली, ओ बाई, तुमचं काय ते तुम्ही बघा, पण पोरगी दाराआड उभी आहे, तिला माझ्याकडे जेवायला पाठवा. मनाली गेली. सुरमई होती. मेंदूला चांगली.

शुक्रवार, २९ जानेवारी

सुट्टीचा दिवस साधून रामेश्वरने वर्कशॉपमधले दोन सुतार आणले आणि हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं. इथे दहा बॅचलर एका हॉलमध्ये कोंबायचे असले की घालतात तसलं. माझ्या घरात.

त्याच्या बाजूला टीव्ही, बाल्कनी, मोठं बाथरूम आणि वॉशिंग मशीन. मनालीच्या पुस्तकांची मांडणीही तिकडेच गेली. माझ्या बाजूला किचन आणि छोटं बाथरूम. पार्टिशन मनालीच्या खोलीच्या दाराशी संपतं. तिने बाहेर पाऊल टाकलं की डावीकडे तो, उजवीकडे मी. हा बेत त्याने किती दिवस केला असेल.

सुतार म्हणाला, भाभी, छे एमएम का है, ज़ोर से मत मारना, आरपार जाएगा. मी मारणार आहे असं मी म्हटलंही नव्हतं. फक्त पक्कं बसलंय का ते पायाने पाहिलं. पाय घोट्यापर्यंत पलीकडे गेला आणि अडकला. करवतीने भोक मोठं करून मला सोडवावं लागलं. पलीकडून रामेश्वरने माझ्या पायाला गुदगुल्या केल्या. त्याने नाही केल्या म्हणतो. मग कोणी, सुताराने?

भोकावर त्याने कॅलेंडर लावलं. प्लायवूडचे किती झाले हे मी विचारलं नव्हतं, तरी ओरडून सांगितले, दोनशे दिरहम, म्हणजे तेवीसशे रुपये, निम्मे तुझे.

संकल्प: पार्टिशनला हात लावायचा नाही. पायही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

शाळेतून आले तर घरभर स्पंजचा भुगा. पार्टिशन घालताना सोफा भिंतीशी उभा केला होता. त्याने वर्कशॉपची इलेक्ट्रिक करवत आणून तो मधोमध कापला. माझा अर्धा माझ्या बाजूला आणून ठेवला होता, वर उशी. म्हणाला, समान हक्क. तुझाच शब्द.

किचनमधून आईचा लोखंडी तवा घेतला, पलीकडे गेले आणि टीव्हीला एकदा मारला. एकदाच. टीव्ही मोठ्याने गेला. तो तवा हिसकायला आला, त्या ओढाताणीत तोंड त्याच्या मनगटापाशी आलं. तिथे माझे दात उमटले, ते त्याने खाली जाऊन याकूबला दाखवले. याकूबने वर येऊन मला विचारलं, मॅडम, ये आपका है क्या. दातांबद्दल. मी उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नांना उत्तर देण्याइतकी मी अजून घसरलेली नाही.

मनालीला नवं टाइमटेबल करून दिलं. पहाटे गणित, संध्याकाळी सायन्स. ते पाहून ती म्हणाली, मम्मा, कॅन आय स्टडी ॲट बानू आंटीज? इट्स क्वाएट देअर. तीन पोरांच्या घरात शांतता. पण मुलगी स्वतः जागा शोधून अभ्यास करते, हे वळण मीच लावलेलं. जाऊ दिलं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

माझ्या साड्या त्याच्या बाथरूममधल्या मशीनमध्ये, आणि तो आतून कडी लावून आंघोळीला. मी तीनदा सभ्य शब्दांत सांगितलं. आत गाणं चालू.

रिकामा गॅस सिलिंडर दाराशी होता. तो आडवा धरून चालत गेले. थोडं वेगाने चालले. दार कडीसकट आत गेलं आणि रामेश्वर दाराखाली. तो साबणाच्या फेसासकट उठला, बादली माझ्यावर ओतली आणि नंतर रिकामी बादलीही दिली. कान सुजला आहे. साड्या मिळाल्या.

याकूब म्हणाला, मॅडम, नीचे लोग बोलता है ऊपर बिल्डिंग टूट रहा है. मी म्हटलं, दुरुस्ती चालू आहे.

मनाली रात्री शहरबानूकडेच झोपली. तिथल्या मधल्या मुलीला, इनायाला, गणित शिकवत होती म्हणे. स्वतःची परीक्षा सोडून. उद्या बोलायला हवं. रविवारी नक्की.

बुधवार, १० फेब्रुवारी

आज मी स्वतःला आवरलं असतं. पण लोणचं.

किचन माझ्याकडे असल्याने तो रोज हॉटेलात जेवतो. आज मी शाळेत असताना आत शिरून भात करून घेतला. कढई तशीच. वर लोणच्याची बरणी काढलेली. आईच्या हातचं, मे महिन्यात सांगलीहून मांडीवर धरून आणलेलं. मी म्हटलं, ठेव. तो म्हणाला, आंबे माझ्या मेहुण्याने पाठवलेले, बरणी तुझी, लोणचं दोघांचं. मी बरणीचा काठ धरला. तो ओढत बाल्कनीत घेऊन गेला, मीही बरणीबरोबर गेले. बराच वेळ आम्ही दोघं एका बरणीला धरून उभे होतो. मग म्हणाला, घे तर मग, आणि सोडली. मीही त्याच क्षणी सोडली होती, तो पडावा म्हणून.

बरणी खाली याकूबच्या खुर्चीत पडली. याकूब खुर्चीत नव्हता, कारण आवाजाची तक्रार घेऊन तो लिफ्टने वर येत होता. म्हणजे एका अर्थी आमच्यामुळेच वाचला. त्याला तसं सांगितलं तर त्याला ते पटलं नाही.

नंतर मी किचनचं दार लावलं. रामेश्वरची दोन बोटं त्यात होती. मला दिसली नाहीत. दार नीट लागत नाही म्हणून मी जोर दिला. नूरुद्दीनभाई धावत आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, भाभी, दार जरा उघडता का, बोटं अजून आत आहेत. उघडलं. तेच त्याला क्लिनिकमध्ये घेऊन गेले. सज्जन माणूस.

शनिवार, १३ फेब्रुवारी

मुदीर सोमवारी स्वतः येणार. याकूबने सांगितलं असणार. घर मोडलेलं दिसलं, तर अठ्ठावीस तारखेची वाट न बघता दोघांना बाहेर काढेल.

पार्टिशनच्या भोकातून रामेश्वरशी बोलले. कामापुरतं. ठरलं की सोमवारी एक तास फॅमिली व्हायचं. पार्टिशनवर माझ्या दोन जरीच्या साड्या टांगायच्या, सजावट म्हणून. टीव्हीवर टेबलक्लॉथ. बाथरूमचं दार तो बसवेल, एका हाताने. सोफ्याचे दोन अर्धे जोडून खाली विटा. मनालीला मध्ये बसवायचं.

मनाली म्हणाली, ओके. समजूतदार आहे.

सोमवार, १५ फेब्रुवारी

मुदीर आला. साड्या बघून माशाल्ला म्हणाला. रामेश्वर अगदी सहज म्हणाला, अगं, चहा टाकतेस का. मीही सहज म्हटलं, अहो, बसा तुम्ही, आणते. तोंडातून आलं. त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली. सवय.

मनाली शहरबानूकडून आली, चप्पल दाराबाहेर काढून, पाहुण्यासारखी. सोफ्याच्या मधोमध तिने बसायचं ठरलं होतं. पण मुदीरने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः मध्ये टेकला.

सोफा दोन्हीकडे उघडला. मुदीर मधून थेट फरशीवर गेला. अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, पाय वर, पण कप सरळ. एक थेंब सांडला नाही.

मनाली हसली. तोंडावर दोन्ही हात ठेवून, खांदे हलेपर्यंत. मग रामेश्वर. बँडेजवाली बोटं वर धरून हसत होता. मला खोकला आला, तो लवकर थांबेना.

मुदीर उठून कपडे झटकत म्हणाला, माफी मुश्किल, माफी मुश्किल, म्हणजे काही हरकत नाही. काही प्रश्न विचारले नाहीत. अठ्ठाईस को आओ, बस.

तो गेल्यावर जरा वेळ कोणी उठलं नाही. तिघं तिथेच. मनालीने बिस्किट खाल्लं. रामेश्वर म्हणाला, चहा बरा झाला होता.

बरा. सतरा वर्षं चहा करते आहे, आणि बरा. मी विचारलं, बरा म्हणजे काय. तो म्हणाला, झालं, वाजली घंटा. पहिला कप मी ठेवायला गेले तो जोरात ठेवला गेला. दुसरा त्याने. सहांचा सेट होता, लग्नातला. बशा वेगळ्या. त्याचं कपाळ फुटलं, माझ्या हनुवटीला टाके पडले नाहीत पण पडू शकले असते.

मनाली दुसऱ्या कपाच्या वेळी उठली. जाताना दार हळूच लावून घेतलं. आवाज आला नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी

मनालीकडून अठ्ठावीस तारखेचं उत्तर पाठ करून घेतलं. मुदीरने विचारलं की म्हणायचं, आय लिव्ह विथ माय मदर. ती शहरबानूच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, म्हणून दाखव. म्हणाली, मम्मा, आय नो हाऊ टू टॉक.

रामेश्वरने तिला वॉकमन दिला असं कळलं. लाच. मी तिला नवी कंपासपेटी दिली. ती गरजेची वस्तू.

मी विचारलं, घरी कधी येतेस. म्हणाली, लेटर. परीक्षेच्या मुलांना असं तुटक बोलायची सवय लागते.

सोमवार, २२ फेब्रुवारी

दुपारी घरी आले. पार्टिशनच्या पलीकडे ठकठक. मग स्क्रू फिरवल्यासारखा आवाज. मी ओळखलं. तो मनालीच्या खोलीच्या भिंतीला त्याच्या बाजूने दार पाडतो आहे. दार पाडलं की खोली त्याची, मनाली त्याची, फ्लॅट त्याचा. वर्कशॉपला दांडी मारून.

दोनदा हाक मारली, रामेश्वर, थांब. आवाज थांबला नाही.

खलबत्त्यातला पितळी बत्ता हाताशी होता. आवाजाच्या दिशेने सोडला. कॅलेंडरच्या थोडं खाली. सुताराचं बरोबर होतं, आरपार.

आवाज थांबला. मग पलीकडून मनाली म्हणाली, मम्मा, इट्स मी.

पुस्तकांची मांडणी सोडवत होती. शहरबानूकडे न्यायला. कानात वॉकमन होता, म्हणून हाक ऐकू गेली नाही. तो वॉकमन कोणी दिला हे इथे लिहून ठेवते.

उजवं मनगट.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

दोन ठिकाणी फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, पडली. मनालीने माझ्या आधीच सांगितलं होतं, आय फेल. आधी ठरलेलं नसताना आमचं उत्तर एक आलं. आईचं नातं असतं.

फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मी पेन घेतलं, रामेश्वरनेही तेच पेन घेतलं. ओढाताणीत फॉर्मखालची पाटी नर्सच्या नाकाला लागली. दोघांना कॉरिडॉरमध्ये बसवलं. सही नूरुद्दीनभाईंनी केली, पालक म्हणून नाही, बरोबर आलेले म्हणून.

कॉरिडॉरमध्ये रामेश्वरने माझ्याकडे हात उगारला. मी खुर्ची उचलली होती, ती त्या तयारीने. पण त्याचा हात खाली आला आणि तो बसून रडायला लागला. मोठ्याने, लोकांसमोर. नाटक. मी खुर्ची बराच वेळ धरून उभी होते. मग ठेवली.

शाळेशी बोलले. मनाली सांगेल, नववीतली मुलगी लिहील. रायटर मिळतो. नियमात आहे. मार्कांवर परिणाम व्हायचं कारण नाही.

बत्ता रामेश्वरसाठी होता, हे तिला समजावून सांगितलं. म्हणाली, आय नो.

रविवार, २८ फेब्रुवारी

मुदीरचं ऑफिस. मी इस्त्रीची साडी, रामेश्वर टाय. कपाळावर पट्टी, बोटांना पट्टी, माझा कान अजून निळा. नूरुद्दीनभाईंच्या गाडीतून गेलो, कारण मनाली दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला तयार नव्हती. याकूबही होता.

मुदीरने मनालीच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग आम्हा दोघांकडे. मग तिला अगदी हळू विचारलं, बेटी, तुम किसके साथ रहता?

मी ओठांनी तिला सुरुवात करून दिली.

मनाली म्हणाली, सर, आय लिव्ह इन थ्री-झीरो-टू.

मुदीरला वाटलं चुकली. म्हणाला, थ्री-झीरो-वन. ती म्हणाली, नो सर, टू. विथ बानू आंटी. सिन्स द बाथरूम डोअर.

मुदीरने याकूबकडे पाहिलं. याकूब म्हणाला, सच है. रोज वहीं खाता, वहीं सोता. मुदीरने हात झाडले. खलास. तुम बॅचलर. तुम भी बॅचलर. दोनों बाहर.

मी नियमाचा अर्थ समजावून द्यायला सुरुवात केली, पण मुदीर आता नूरुद्दीनभाईंशी बोलत होता. बच्चा कितना? तीन, म्हणाले. मुदीर मनालीकडे बोट करून म्हणाला, चार. एक बेडरूम में चार बच्चा कैसे? तुम थ्री-झीरो-वन लेगा. पेंट करके देगा. कितना नाम?

नूरुद्दीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, भाभी, हे आम्ही मागायला आलो नव्हतो. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग ते मुदीरला म्हणाले, एकच नाव.

एक सही. दोन मिनिटं लागली नाहीत. मला आठ वर्षांपूर्वी तास लागला होता.

जिन्यात हे म्हणाले, नर्मदा, त्या दिवशी मी बॅग घेऊन निघालोच होतो. मी म्हटलं, मग निघायचं होतं. माझ्या हातात छत्री होती. हातातच राहिली.

गुरुवार, ४ मार्च

माझी सोय शारजात, लेडीज हॉस्टेलमध्ये. एका खोलीत तिघी. खिडकीची जागा साजिदा नावाच्या नर्सची, तिने मध्ये पडदा लावला आहे. पडदा काढायला लावीन. जागा तात्पुरती आहे. परीक्षा झाली की मनाली माझ्याकडे येईल, मग मी फॅमिली.

आज काय कोणाला दिलं याची नोंद. पुढे वाद नको.

मालकातर्फे याकूबकडे: फ्लॅट ३०१. सगळ्या किल्ल्या. बाथरूमचं दार, टेकवून ठेवलेलं. भिंतीवर चटणीचा डाग, पुसला, जात नाही. गॅस सिलिंडर, पोचा पडलेला. बत्ता याकूबने मागून घेतला, खालचं दार वाऱ्याने लागतं, त्याला अडकवायला.

यांच्याकडे: कपडे. टाय. अर्धा सोफा, कॅम्पच्या खोलीत मावतो की नाही ते त्यांनी बघायचं. प्लायवूड, भोकांसकट. बोटांचं मलम माझ्या पर्समध्ये राहिलं होतं, तेही दिलं, दिवसातून दोनदा लावा म्हणून सांगितलं. बरं म्हणाले.

माझ्याकडे: तवा. अर्धा सोफा, हॉस्टेलवाले आत घेत नाहीत. सहा बशा.

शहरबानूकडे: मनाली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. गोळ्या, सकाळ-रात्र, जेवणानंतर. हॉल तिकीट. कंपासपेटी, न उघडलेली. खोली तिचीच, आता इनाया आणि ती दोघी. टेबल लॅम्प जागच्या जागी. पहिला पेपर सोमवारी.

प्रत्येकाकडून मिळाल्याची सही घेतली. शहरबानू म्हणाली, ओ बाई, पोरीची पावती कोण घेतं? मी म्हटलं, नोंद म्हणजे नोंद. त्यावर मनाली म्हणाली, गिव्ह, आय विल साइन.

डाव्या हाताने केली. अक्षर गिचमीड. सराव हवा.